एकशे एकचा दाखला आणि अठ्ठ्याऐंशीची चौकशी

(जिल्हा कार्यकर्ता मेळावा, वर्धा येथील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून येथे आठ-दहा कार्यकर्ते बोलले. बहुतेकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सरकारजवळ बुडालेल्या बँकांना द्यायला पैसा आहे, शेतकऱ्याचे नाव काढले की तिजोरी रिकामी होते. दुसरी, निवडणुकीला उभे राहणारे सगळे एकाच माळेचे मणी, मत द्यावे तरी कोणाला? दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. तेच अकराव्यांदा बोलून मीही टाळ्या घेऊ शकतो. पण माझे म्हणणे असे आहे की या दोन तक्रारी नाहीतच, ही एकच तक्रार आहे. ती हिशेबाने मांडतो. हिशेब जरा कोरडा आहे, जेवणानंतरची वेळ आहे, वर पत्र्याचा मांडव आहे. सांभाळून घ्या.

२०१७ साल आठवा. १ जूनला पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहरात जाईनासा झाला. शेवटी २४ जूनला राज्य सरकारने ३४ हजार २२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखाच्या मर्यादेची. तिच्या अडीच महिने आधी, एप्रिलमध्येच, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी बजावले होते की कर्जमाफीने प्रामाणिक परतफेडीची शिस्त बिघडते, नैतिक धोका निर्माण होतो. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. टीव्हीवर टाय लावलेली मंडळी म्हणाली, करदात्याच्या पैशाची उधळपट्टी चालली आहे.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला केंद्राच्या अर्थमंत्र्यांनी सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींची योजना जाहीर केली. आपल्या कर्जमाफीच्या सहापट. त्या दिवशी नैतिक धोका कोणाला आठवला नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी बँकांचे शेअर उसळले आणि सुधारणांचे धाडसी पाऊल म्हणून कौतुक झाले.

हा पैसा आला कुठून, ते समजून घ्या. यातले १ लाख ३५ हजार कोटी रोख्यांतून उभे करायचे होते. रोखे म्हणजे काय प्रकार? समजा, आपल्या गावच्या सोसायटीचे कपाट रिकामे झाले. सरपंच म्हणतो, मी सोसायटीला एक लाखाची चिठ्ठी लिहून देतो, सोसायटीने तिच्या बदल्यात लोकांच्या ठेवीतला एक लाख मला द्यावा. तो लाख हातात पडताच सरपंच तो सोसायटीलाच परत देतो आणि म्हणतो, हे घ्या माझे भागभांडवल. पैसा टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला गेला आणि फिरून जागेवर आला. पण वहीत सोसायटीचे भांडवल एका लाखाने वाढले, वर सरपंचाची चिठ्ठीही तिच्याजवळ राहिली. आणि त्या चिठ्ठीवरचे व्याज? ते दर वर्षी गावाच्या घरपट्टीतून. बँकांचे फेरभांडवल ते हेच. व्याज अर्थसंकल्पातून जाते. अर्थसंकल्पात पैसा येतो तो तुमच्या डिझेलवरच्या करातून, पंपावरच्या, टायरवरच्या, बायकोच्या लुगड्यावरच्या जीएसटीतून. शेतकरी कर भरत नाही असे म्हणणाऱ्याला एकदा कृषी केंद्राची पावती दाखवा.

आता दोन्ही मदतींची रीत बघा. बँकेने अर्ज भरला नाही, रांग लावली नाही. कोणत्या उद्योगपतीने किती बुडवले म्हणून हे भांडवल लागले, त्याची यादी कोणाच्या चावडीवर लागली नाही. आणि आपल्याकडे? नवरा-बायकोने दोघांनी मिळून सेतू केंद्रावर जायचे, आधार दाखवायचे, अंगठा उठवायचा. उन्हातान्हात घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या त्यांचा अंगठा यंत्राला लागत नव्हता. गावोगाव याद्या लागल्या. कर्जाची यादी चावडीवर लागणे म्हणजे काय असते हे ज्याच्या घरी सोयरीक मोडली त्याला विचारा.

माफी कोणाला मिळाली?

यातली खरी गोम पुढे आहे. कर्जमाफीचा पैसा शेतकऱ्याच्या हातात कधी आला? १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने १० हजारांपर्यंतची माफी दिली. २९ फेब्रुवारी २००८ ला चिदंबरम साहेबांनी अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची घोषणा केली, पुढे आकडा ७१ हजार कोटींवर नेला. प्रत्येक वेळी सरकारने पैसा दिला तो बँकेला. शेतकऱ्याला मिळाला बेबाकीचा दाखला. बँकेचे बुडीत खाते एका रात्रीत वसूल झाले. म्हणून मी म्हणतो, कर्जमाफी हीसुद्धा बँक वाचवण्याचीच योजना आहे, फक्त उपकाराची पाटी शेतकऱ्याच्या गळ्यात टांगतात. शरद जोशी आयुष्यभर कर्जमाफी हा शब्द टाळून कर्जमुक्ती म्हणत राहिले, ते उगीच नाही. माफी गुन्हेगाराला असते. ज्याच्या कापसाचा भाव सरकारने निर्यातबंदी करून, परदेशी माल आणून पाडला, त्याने गुन्हा कोणता केला?

२००८ च्या माफीची रचना आपल्या वऱ्हाड-विदर्भात तर सगळ्यांना ठाऊक आहे. दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांपर्यंत सगळे कर्ज माफ. त्यावर जमीन असेल तर एकरकमी भरणा केल्यावर चौथाई सवलत. पश्चिमेकडच्या बागायती चार एकरवाल्याला पूर्ण, आणि आपल्या कोरडवाहू सात एकरवाल्याने आधी पंचाहत्तर टक्के आणून भरायचे. आत्महत्या कुठे होत होत्या आणि माफी कुठे गेली! पुढे २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. तपासलेल्या ९० हजारांवर खात्यांपैकी २२ टक्क्यांत गफलत निघाली. पात्र शेतकरी राहून गेले, अपात्रांना लाभ मिळाला, कागदपत्रांत खाडाखोड. ही खाडाखोड कोणी केली असेल? शेतकऱ्याच्या हातात तर वहीच नव्हती.

आता दुसऱ्या बाजूची वही उघडू. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनेच लोकसभेत आकडे दिले. २०१४-१५ पासून नऊ वर्षांत व्यापारी बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली. त्यांतली ७ लाख ४० हजार कोटींची मोठ्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्राची. यावर बँकेचे साहेब लगेच बोट वर करतात, निर्लेखित म्हणजे माफ नव्हे. त्यांचे बरोबर आहे, आपण खोटे बोलू नये. निर्लेखित म्हणजे कर्ज ताळेबंदातून बाहेर काढले, वसुलीचा हक्क कायम ठेवला. पण मग वसुली किती झाली तेही त्याच उत्तरात आहे. २ लाख ४ हजार कोटी. शंभरातले चौदा रुपये. शंभरातले चौदा भरून कोणत्या शेतकऱ्याचा सातबारा कोरा झाला, मला दाखवा. मी त्याच्या पाया पडायला जाईन.

दिवाळखोरीच्या नव्या कायद्यात तर याची रीतसर सोय झाली. आलोक इंडस्ट्रीज ही कापडाची मोठी कंपनी. तुमच्या आमच्या कापसाचा धागा काढणाऱ्यांपैकी. तिच्यावर बँकांचे दावे साडेएकोणतीस हजार कोटींचे. २०१९ मध्ये सुमारे पाच हजार कोटींवर प्रकरण मिटले आणि कंपनी नव्या मालकाकडे गेली. बँकांनी सहाव्या हिश्श्यावर समाधान मानले. याला ते लोक ‘हेअरकट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला मुंडण म्हणतात आणि ते बाप मेल्यावर करतात. असो. सूत काढणारा सुटला. कापूस पिकवणाऱ्याला मात्र सिबिल खराब म्हणून दारातून परत पाठवतात.

आपल्याच जिल्ह्यातली बँक

दिल्ली-मुंबईच्या बँकांना शिव्या देणे सोपे आहे. आता घरातले बोलू. वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँका. रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळण्याइतकेही भांडवल यांच्याकडे उरले नव्हते. लेकीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा अडकला. शिक्षकांचा अडकला, पतसंस्थांचा अडकला. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे ६७३ कोटी, नाबार्डचे २३७ कोटी, बाकी राज्यांचे. २३ पैकी तीन बँका आपल्या राज्यातल्या आणि तिन्ही विदर्भातल्या.

बँक वाचवली याचे मला दुःख नाही. कार्यकर्त्यांनी हे नीट समजून घ्यावे, कारण गावात प्रश्न विचारतील. बुडू द्या म्हणणे सोपे आहे, पण बँक बुडते तेव्हा ठेवीदार बुडतो, आणि जिल्हा बँकेतला ठेवीदार म्हणजे आपलीच आई, आपलाच मास्तर. माझा राग बँक वाचवण्यावर नाही. ती ज्यांनी बुडवली त्यांनाही तिच्याबरोबर वाचवले, त्यावर आहे.

२००२ मध्ये होम ट्रेड नावाच्या कंपनीमार्फत सरकारी रोखे घेण्याचा व्यवहार झाला. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. नागपूर जिल्हा बँकेचे दीडशे कोटींच्या घरात बुडाले. वर्धा आणि उस्मानाबादच्या बँकाही त्यात सापडल्या. नागपूरच्या खटल्याचा खालच्या कोर्टाचा निकाल कधी लागला? २२ डिसेंबर २०२३ ला. एकवीस वर्षांनी. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष दोषी ठरले, पाच वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली. त्यांनी वर अपील केले, त्याबद्दल मी बोलत नाही. मी मधल्या एकवीस वर्षांबद्दल बोलतो. त्या काळात ते पुन्हा पुन्हा निवडून आले आणि राज्याचे मंत्रीही झाले. आणि मते कोणी दिली? ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांनीही दिली.

एका पक्षाचे नाव घेऊन हात झटकायचे असतील तर थांबा. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचे अख्खे संचालक मंडळ घरी पाठवले. त्या मंडळात सत्तेतले होते तसे विरोधातलेही होते. विधानसभेत एकमेकांवर कागद भिरकावणारे लोक बँकेच्या बैठकीत एका ताटात जेवत होते. उच्च न्यायालयाने सांगितल्यावर २०१९ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि पुढे पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. साखर कारखान्यांना कर्ज द्यायचे, सरकारने त्याला थकहमी द्यायची, कारखान्याने ते थकवायचे आणि हमीचे पैसे तिजोरीतून भरायचे. कर्ज मागणारा, मंजूर करणारा आणि हमी देणारा, तिन्ही खुर्च्यांवर एकाच मंडळींचे सोयरे. त्यातल्याच एखाद्या खुर्चीवरून उठून तो तुमच्या दारात हात जोडून येतो. त्याला आपण उमेदवार म्हणतो.

सहकार कायद्यातली दोन कलमे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावीत. शेतकऱ्याची सोसायटी थकली की कलम १०१. निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो, आणि तो दाखला म्हणजे कोर्टाच्या हुकमासारखाच. पुढे नियम १०७ प्रमाणे जप्ती, लिलाव. वसुली अधिकारी दारात जीप उभी करतो, बैलाची दोरी सोडतो. संचालकाने बँकेचे नुकसान केले तर कलम ८८. आधी ८३ ची चौकशी, मग ८८ ची चौकशी, चौकशी अधिकारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून, जबाबदारी निश्चित झाली की अपील, अपिलात स्थगिती. अपील कोणाकडे? बऱ्याच वेळा सहकार मंत्र्याकडे. मंत्री कोण? मघाच्या तीन खुर्च्या आठवा. कायदा एकच, पुस्तक एकच, दोन कलमांमध्ये तेरा आकड्यांचे अंतर. पण एकशे एकला पाय आहेत आणि अठ्ठ्याऐंशी जागचे हलत नाही.

अमेरिकेतल्या मतदाराचे चार दिवस

हे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. ज्या वर्षी आपल्याकडे माफीची घोषणा झाली त्याच २००८ मध्ये अमेरिकेतल्या बड्या बँकांचे दिवाळे वाजले. घरकर्जांवर सट्टा खेळून त्यांनी आपले आणि जगाचे वाटोळे केले. सरकारने ७०० अब्ज डॉलरचा बचाव कायदा आणला. तिथल्या लोकसभेच्या निवडणुकीला पाच आठवडे राहिले होते. लोकांनी आपापल्या प्रतिनिधीला फोन करून करून सळो की पळो केले, याला हात वर केलास तर घरी बसवू. २९ सप्टेंबरला मतदान झाले आणि कायदा पडला. बाजूने २०५, विरोधात २२८. सत्ताधारी पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांनीच आपल्या अध्यक्षाविरुद्ध मत दिले. शेअर बाजार एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला.

पण हे चारच दिवस टिकले. ३ ऑक्टोबरला तोच कायदा २६३ विरुद्ध १७१ मतांनी मंजूर झाला. मधल्या काळात त्यात सवलतींचे गाजर घातले. त्यात लहान मुलांच्या खेळण्यातले लाकडी बाण बनवणाऱ्यांना करमाफीसुद्धा होती! अध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार, ओबामा आणि मॅकेन, दोघांनीही वरच्या सभागृहात कायद्याच्या बाजूने मत दिले. म्हणजे चिडलेल्या अमेरिकन मतदाराने नोव्हेंबरात मतपत्रिका उघडली तेव्हा त्याच्या रागाला तिच्यावर जागाच नव्हती. बँकांना दिलेला पैसा पुढे नफ्यासह परत आला, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांची घरे लिलावात गेली त्यांची घरे परत आली नाहीत. आणि सरकारी पैशावर जगलेल्या एआयजी या विमा कंपनीने मार्च २००९ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना १६ कोटी ५० लाख डॉलरचा बोनस वाटला.

मला त्यातले पहिले चार दिवस महत्त्वाचे वाटतात. मतदार तोवरही चिडलेलाच होता. त्या आठवड्यात वेगळे काय घडले? त्याने एका ठरावासाठी, एका तारखेला, एका माणसाचे नाव घेऊन जाब विचारला. तेवढ्यानेही जगातले सर्वात बलाढ्य सरकार अडले.

आपला राग कुठे जातो

आता आपल्याकडे या. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या नऊ लाखांवर ठेवीदारांना एका सकाळी कळले की आपल्या खात्यातले एक हजार रुपयेच काढता येतील. एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेले, आणि ते हजारो खोट्या खात्यांआड लपवलेले. विधानसभेची निवडणूक महिन्यावर होती. १० ऑक्टोबरला केंद्रीय अर्थमंत्री मुंबईत पक्षाच्या कार्यालयात आल्या तेव्हा ठेवीदारांनी बाहेर गराडा घातला. त्याच निवडणुकीत आपल्या राज्यात दुसरी गोष्ट घडली. लातूर ग्रामीणमध्ये ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटाला २७,५०० मते पडली. दुसरा क्रमांक! पलूस-कडेगावात २०,६३१ मते, तिथेही दुसरा क्रमांक. वर्तमानपत्रांत मथळे आले. आणि झाले काय? दोन्हीकडचे विजयी उमेदवार लाखाच्या फरकाने निवडून आले. विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या मागचा उमेदवार आमदार होतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम केला की नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक. तेवढा दात तरी त्याला तिथे आहे. विधानसभेला तोही नाही. नोटाचे बटण दाबून घरी आलेल्या माणसाला वाटते आपण चपराक मारली. चपराक कोणाच्याच गालाला लागलेली नसते.

मुंबईच्या ठेवीदारांनी मात्र पाठ सोडली नाही. ठेव विम्याचे संरक्षण १९९३ पासून एक लाखावर अडकले होते. ते फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. २०२१ मध्ये कायदा बदलून व्यवहार थांबलेल्या बँकेच्या ठेवीदाराला ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. त्याआधी, २०१७ मध्ये, बुडती बँक ठेवीदारांच्या ठेवींतून सावरण्याची मुभा देणारे विधेयक लोकसभेत आले होते. देशभर ओरड झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते मागे घ्यावे लागले. आणि आपला कांदेवाला? डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लादली. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. विधानसभा तोंडावर आली तेव्हा, सप्टेंबरमध्ये, किमान निर्यात मूल्य गेले, ४० टक्के निर्यात शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. कांद्याच्या मतदाराला कोणाचा हिशेब कशासाठी करायचा ते नेमके ठाऊक होते.

कर्जाच्या बाबतीत आपण असे कधी केले? २०२४ च्या विधानसभेला महाविकास आघाडीने तीन लाखांपर्यंत माफी सांगितली, महायुतीनेही जाहीरनाम्यात माफी लिहिली. दोघांनी सांगितल्यावर निवडायचे काय राहिले? मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांनीच सांगून टाकले, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. ऑक्टोबरात नागपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लागले तेव्हा कुठे समिती आणि तारीख हाती आली. जाहीरनाम्यात माफी आहे का, एवढेच आपण बघतो. तुमच्यावर ८८ ची जबाबदारी निश्चित झाली आहे का, तुमच्या कारखान्याची थकहमी किती, हे कोणी विचारत नाही. माफीचे वचन द्यायला काही लागत नाही. या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र कागद लागतात.

आणि खरे तर ही निवडणूक विधानसभेची नाहीच. जिल्हा बँकेचा संचालक विधानसभेच्या मताने येत नाही. तो येतो सोसायट्यांच्या ठरावांवर. तुम्ही गावच्या सेवा सोसायटीचे संचालक निवडता. ते संचालक एका बैठकीत ठराव करून एकाचे नाव देतात. तो ठरावधारक जिल्हा बँकेला मत देतो. जिल्ह्यात असे काही शे ठरावधारक. लाखो ठेवीदारांना ठेवीदार म्हणून एकही मत नाही. म्हणून तर निवडणुकीआधी ठरावधारकांच्या गाड्या सहलीला जातात आणि मतदानाच्या सकाळी परत येतात. सर्वपक्षीय पॅनेल होते, अर्ज मागे घेतले जातात, बिनविरोध म्हणून पेढे वाटले जातात. गावात विचारा, आपल्या सोसायटीचा ठराव कोणाच्या नावाने गेला? शंभरात पाच जणांना सांगता येणार नाही. आपण विधानसभेच्या प्रचारात महिनाभर भांडतो, सोयरे तोडतो, आणि ज्या बैठकीत आपल्या गावाचे बँकेतले मत ठरते ती बैठक गटसचिवाच्या ओसरीवर पंधरा मिनिटांत आटोपते.

तेव्हा सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत आणि त्या आज ठरावात येतील. शेतकऱ्याच्या कर्जाला उद्योगाच्या कर्जासारखीच तडजोडीची रीत लागू करा. ८८ ची जबाबदारी ज्यांच्यावर निश्चित झाली त्यांची नावे आणि रकमा, कर्जमाफीच्या याद्या लागतात तशाच चावडीवर लावा. पण मुंबईला निवेदन देऊन फोटो काढून परत आलो, असे या वेळी व्हायला नको.

३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक सोसायटीची वार्षिक सभा होते. त्या सभेला जा. कार्यकर्त्याने एकट्याने जाऊ नये, गावातले दहा सभासद घेऊन जावे, त्यांत बायकांच्या नावाची खाती असतील तर बायकांनी जावे. कलम ३२ प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त बघण्याचा हक्क आहे. तुम्ही सोसायटीचे सभासद, सोसायटी बँकेची सभासद. सोसायटीमार्फत बँकेचा ताळेबंदही मागता येतो. लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे की ड, ते बघा. मग उभे राहून तीन गोष्टी विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. मागच्या वेळी ठराव कोणाच्या नावाने दिला होता, त्याने मत कोणत्या पॅनेलला दिले, आणि पुढचा ठराव गावाच्या सभेत चर्चा झाल्याशिवाय देणार नाही असे संचालक मंडळ लिहून देते का? गटसचिव म्हणेल, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. त्याला सांगा, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयात घ्या. अध्यक्षांनी परवानगी नाकारली तर नकारही लिहून घ्या, त्याखाली दहा सह्या करा आणि प्रत तालुका कार्यालयात आणून द्या. जिल्ह्यातल्या सगळ्या प्रती एकत्र करून जिल्हा बँकेच्या निवडणुकीआधी आपण उमेदवारांसमोर ठेवणार आहोत. अर्जाचे नमुने बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना मोजून न्या, गेल्या वेळी पुलगावकडच्यांना कमी पडले होते.